गोड्या पाण्यातली गरी: तुमच्या तळ्यात काय लागतं?

आमच्याकडे मासा म्हणजे बांगडा नाहीतर सुरमई. तळ्यातला मासा पानात आला की 'मातकट लागतो' म्हणून नाक मुरडणारे घरातच चार जण. तरी मे महिन्याच्या सुट्टीत चिव्याची काठी, तंगूस (गरीचा नायलॉन दोरा) आणि करवंटीभर गांडुळं घेऊन बांधावर बसलेले इथे बरेच असतील.

परवा धामापूरला गेलो होतो. १५३० सालचा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ. तिथे गरी टाकली नाही, नुसता बसलो. मग वाडीतल्या आमच्या छोट्या तळ्यावर गेलो. लहानपणी तिथे शिंगटी, मळये, नशीब असेल तर मरळ. या वेळी दोन तासांत सात मासे, सातही तिलापिया. तुमचे अनुभव लिहा, आमिषासकट.

तंगूस: तिलापिया कणकेच्या गोळीलाही येतो, त्याचं कौतुक नको. हा मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं जगतात. उलट रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, दरवर्षी बोटुकली (बोटभर पिल्लं) आणून सोडावी लागतात. आमच्या गावाने दोन वर्षं सोडली नाहीत, तळं तिलापियाचं झालं.

बांधावरचा: मरळीचं सांगतो. पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका खळबळत होता. खाली आई-बाप राखणीला असतात हे ठाऊक होतं, तरी बेडकी लावून गरी पुंजक्याशेजारी टाकली. पहिल्याच झटक्यात मोठी मरळ. घरी सगळे खूश. दुसऱ्या दिवशी गेलो तर पुंजका निम्माही उरला नव्हता. तेव्हापासून पिल्लं दिसली की काठी गुंडाळतो. हा मासा वर येऊन हवा घेतो, बादलीत तासन्‌तास जिवंत राहतो, त्यामुळे त्या दिवशी तो माझ्याकडे बघतोय असं फार वेळ वाटत राहिलं.

व्हाळाकडचो: आमी तळ्यार कमी, व्हाळार जास्ती. पयल्या पावसाक हौर (पूर) इलो की चढणीचे मासे शेतापर्यंत येत. रात्री बत्ती घेवन सगळी वाडी भायर. पण तेंच्या पोटात गाबोळी असता. सगळेच धरलास तर फुडच्या वर्षी खंयसून येतले? आता हौर येता, मासे येणत नाय.

घाटावरची सून: मातकट वासावर सासूबाईंचा उपाय: तुकडे मीठ-हळद आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास, मग धुऊन कालवण. चिखलाचा वास देणारा जिओस्मिन आंबटात मोडतो, हे मला नंतर कळलं. त्यांना आधीपासून येत होतं. कोकमाचं आगळही चालतं.

नवशिक्या: शिंगटी गरीतून सोडवताना कल्ल्याजवळचा काटा अंगठ्यात गेला. रात्रभर ठणका. शेजारच्या काकींनी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायला लावला, तेव्हा उतरला.

महाडकर: आमच्याकडे काळ नदीवर वाळणकोंडीचे मासे कुणी धरत नाही, देवीचे मानतात. कुरमुरे टाकले की पायाशी येतात. गरीवाल्यांनी एकदा बघून यावं, हात शिवशिवतात.

तंगूस: धागाकर्ते, त्या सात तिलापियांचं काय केलंत?

धागाकर्ता: घरी नेले. मांजराने आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं.