अण्णांच्या डोळ्याच्या पडद्याला लेसर सांगितलाय, अंधारातल्या दिसण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वडील ६४ वर्षांचे, निफाडकडे द्राक्षबाग, शुगर जुनी. डाव्या डोळ्यासमोर काळ्या जाळ्या तरंगायला लागल्या म्हणून नाशिकला पडद्याच्या डॉक्टरांना दाखवलं. पडद्यावर कच्च्या रक्तवाहिन्या आल्यात, त्यातली एक फुटलीये. दोन-तीन सिटिंगमध्ये लेसर करून घ्या म्हणाले.

गोची अशी की मोतीबिंदूनंतर आईच्या लेन्समागची पिशवी धुरकट झाली होती. तिला याग लेसर मारला आणि दुसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत बसली. अण्णांना वाटतंय आपलंही तसंच होणार. पण तो लेसर १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा, पिशवीला मधोमध खिडकी पाडणारा. यांचा ५३२ चा, हिरवा. तो पडद्याच्या कडेला मुद्दाम बारीक चटके देतो. रक्त न पोचणारा भाग ऑक्सिजन मागत राहतो, म्हणून या वाहिन्या उगवतात. चटक्यांनी ती मागणी घटली की त्या सुकतात. म्हणजे आहे ती नजर राखायची, वाढायची नाही. अण्णा म्हणतात, ‘मग पैसे कशाला घालायचे?’

अंधारात कमी दिसतं म्हणे यानंतर. आमच्याकडे थ्री फेज लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला बांधावरून जावं लागतं, त्यात बिबट्या. कितपत फरक पडतो? नुसत्या डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनवर भागेल का? आणि गोडी छाटणी उरकेपर्यंत थांबलं तर?

द्वारकावाली: सासऱ्यांचं झालंय. कडेचं आणि अंधारातलं थोडं कमी झालं, खोटं कशाला सांगू. पण पेपर वाचतात. सिटिंगच्या दिवशी बाहुली मोठी केलेली असते, गाडी त्यांच्या हातात देऊ नका.

चष्मेबहाद्दर: ऑप्टोमेट्रिस्ट आहे. इंजेक्शनं चालतात, पण पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि हंगामात शेतकरी तारखा चुकवतो. मध्येच खंड पडला तर डोळा झपाट्याने बिघडू शकतो. लेसरचा परिणाम टिकतो. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, मधल्या भागाला सूज आहे का, हे आधी विचारा. असेल तर इंजेक्शन पहिलं देतात. रक्तस्राव सुरू झालाय, छाटणीसाठी अजिबात थांबू नका.

बागाईतदार: मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवून टाका दादा, घरबसल्या चालू होते. व्हॉल्व्ह फिरवायला तेवढं जावं लागेल.

धागाकर्ता: व्हॉल्व्हला मी जाईन. ओसीटी झालेली नाहीये, उद्या फोन करून तेच विचारतो. ताई, सासऱ्यांना सिटिंगमध्ये दुखलं होतं का? अण्णा ते पहिलं विचारणार.