कोरा रकानाही बोलतो
नोकरीच्या अर्जात खासगी मतं विचारली तर रकाना कोरा सोडावा, असं तुम्ही म्हणता. बेळगावात कोरा रकानाही उत्तरच ठरतो हो! उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या फॉर्मवर मला विचारलं होतं, 'सीमाप्रश्नाबद्दल आपले मत?' जागा लेथ ऑपरेटरची. १९५६ पासून भिजत पडलेलं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेलं घोंगडं मी दोन ओळींत काय वाळवणार? कन्नड येतं का, हे जरूर विचारा. कामाला लागतं, आणि मला येतंही. पण १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मी निषेधाचा काळा दिन पाळतो की राज्योत्सव, याचा लेथशी काय संबंध? मी लिहिलं, 'निकाल लागला की कळवतो.' (आई म्हणाली, नको तिथं शहाणपणा.) बोलावणं काही आलं नाही.