मूल घेऊन मायदेशी परतलेला पालक: भारताने हेग करारात सामील व्हावं का?

सातासमुद्रापार
नेहमीचं चित्र आधी मांडतो. न्यू जर्सीतलं जोडपं, चार वर्षांचं अमेरिकन पासपोर्टवालं मूल, फिसकटलेला संसार. आई तीन आठवड्यांसाठी म्हणून पुण्याला येते आणि परतीचं तिकीट वाया जातं. बाप तिथल्या कोर्टाचा ताब्याचा आदेश आणतो, पण पुण्यात त्या कागदाला कुणी हिंग लावून विचारत नाही.

१९८० च्या हेग करारात हे सरळ आहे. सोळा वर्षांखालचं मूल नेहमीच्या वास्तव्याच्या देशातून दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून हलवलं, तर ते परत पाठवायचं. आई चांगली की बाप चांगला, हे तिथलं कोर्ट ठरवेल. निर्णय सहा आठवड्यांत अपेक्षित. शंभराहून जास्त देश यात आहेत, पाकिस्तानसुद्धा. आपल्या विधी आयोगाने २००९ मध्येच सामील व्हा म्हणून सांगितलं, २०१६ मध्ये पुन्हा अहवाल दिला, २०१८ मध्ये न्या. राजेश बिंदल समितीचा अहवाल आला. सगळं बासनात. सही करायला हरकत काय?

माहेरची_वाट
हरकत ही की करार लिहिताना डोळ्यांपुढे होता ताबा न मिळालेला आणि मूल पळवणारा बाप. करार तयार करणाऱ्या हेग परिषदेच्याच पाहणीत मूल नेणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश आया आहेत, आणि बहुतेक जणी मुलाचं रोजचं सगळं करणाऱ्या.

तुमच्या न्यू जर्सीच्या उदाहरणात एक शब्द राहिला: एच-४. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, घटस्फोट झाला की संपला. 'मूल परत पाठवा' म्हणजे तिने कुठे जायचं? नोकरीची परवानगी नाही, घर नाही, वकील तासावर फी घेणार. शिवाय मूल देशाबाहेर नेणं किंवा अडवून ठेवणं हा अमेरिकेत १९९३ पासून केंद्रीय गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. वॉरंट निघालेलं असेल तर विमानातून उतरताच अटक. करारातला 'गंभीर धोका' हा अपवाद मुलाच्या धोक्याचा. बाईला झालेली मारहाण त्यात बसवायला वकिलांचा घाम निघतो.

कलमकसाई
दोघांच्याही मांडणीत थोडं चुकतंय.

हिंग लावून विचारतात हो, पण किती ते खंडपीठावर अवलंबून. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या कोर्टाने आधी परिणामकारक आदेश दिला त्याला मान दिला. २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मोडून काढलं: परदेशी आदेश हा अनेक घटकांतला एक, मुलाचं हित सर्वोच्च. तरी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने अमेरिकेत जन्मलेली मुलं परत पाठवली. त्यातल्या एका निकालात हेही म्हटलं की आईला परदेशी जाण्याची सक्ती करता येत नाही. जायचं असेल तर खर्चाची सोय बापाने करावी.

म्हणून आज जिंकतो तो वेळ काढणारा. बाप सासुरवाडीशी व्हॉट्सॲपवर समेटाची बोलणी करत वर्ष घालवतो, तोवर मूल बालवाडीत मराठी बडबडगीतं म्हणायला लागतं आणि कोर्ट म्हणतं, मूल इथे रुजलं.

बापांची दुसरी चूक नोटिशीत. परदेशी समन्स-नोटिसा बजावण्याच्या वेगळ्या हेग करारात भारत आहे, पण परदेशातून थेट टपालाने समन्स पाठवण्याला आपण हरकत नोंदवली आहे. बजावणी कायदा मंत्रालयामार्फतच व्हावी लागते. वकील बहुधा ईमेल आणि कुरिअरवर भागवतात. मग एकतर्फी आदेश येतो आणि इथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ वर आपटतो: समोरच्याला ऐकलंच नाही. (कलम ४४-अ चा आधार कुणी सांगितला तर ऐकू नका. ते पैशांच्या हुकूमनाम्यांपुरतं, आणि ज्या देशांचे हुकूमनामे त्याखाली इथे थेट बजावता येतात, त्या यादीत अमेरिकाच नाही.)

बापाने करायचं ते असं: संपूर्ण ताबा मागू नये. 'मूल परत आणा, मग दोघांना ऐकू' एवढाच आदेश मागावा, प्रमाणित प्रतीवर अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) घ्यावं आणि इथल्या उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस (मुलाला कोर्टापुढे हजर करा, अशी याचिका) काही आठवड्यांत दाखल करावं. वर्षाने आलात तर उन्हाळी सुट्टीतल्या भेटीवर समाधान माना.

माहेरची_वाट
आणि बाप कोर्टात हमी देतो ना, 'वेगळं घर देईन, तक्रार मागे घेईन'? त्या हमीची किंमत विमान सुटेपर्यंत. तीच हमी न्यू जर्सीच्या कोर्टात मिरर ऑर्डर (इथल्या अटींचाच तिथला आदेश) म्हणून नोंदवून घेतल्याशिवाय बाईने विमानात पाऊल ठेवू नये. फौजदारी तक्रार मागे घेणं तर नवऱ्याच्या हातातही नसतं, ते सरकारी वकिलाचं काम.

खिडकी_नंबर_सात
उलट्या दिशेचं कुणी बोलत नाही. बाप नागपूरहून मूल उचलून परदेशी गेला, तर आई पोलिसांत जाऊन काय मिळवेल? २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने म्हटलंय, कोर्टाची मनाई नसेल तर जन्मदात्या बापावर अपहरणाचा गुन्हा लागत नाही. म्हणजे कुणकुण लागताच कौटुंबिक न्यायालयातून देशाबाहेर नेण्याला मनाई घ्यायची आणि तो आदेश पासपोर्ट कार्यालय व इमिग्रेशन, दोन्हीकडे स्वतः पोचवायचा. नंतर धावून उपयोग नाही.

पुण्यातल्या त्या मुलाचंही बघा. सोळा वर्षांखालचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचा, नव्यासाठी सहसा दोन्ही पालकांची संमती लागते. बाप सही देत नाही, पासपोर्ट संपतो, भारताचा व्हिसा संपतो, मग बाहेर पडायला एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची, परवानगी. भांडण आईबापाचं, मुदत उलटते मुलाची.

सातासमुद्रापार
मग सही करावी हेच सिद्ध होतंय ना? आईला वाचवणाऱ्या अटी घालून करू.

कलमकसाई
अटी घालता येत नाहीत. करारातल्या कलम ४२ नुसार एखादी तरतूद स्वतःला लागू नाही असं म्हणण्याची मुभा दोनच बाबतींत, कागदपत्रांची भाषा आणि वकिलाचा खर्च. त्यात आपण नंतर येणारे, म्हणून जो देश आपलं येणं मान्य करेल त्याच्याशीच करार चालू होईल. आणि मागच्या प्रकरणांना लागू नाही. आज अडकलेल्या एकाही बापाला त्याचा उपयोग नाही.

पण वाट आहे. जपान २०१४ मध्ये आला, तेव्हा स्वतःच्या अंमलबजावणी कायद्यात त्याने लिहून ठेवलं की गंभीर धोका तपासताना न्यायाधीशाने पालकावरची हिंसाही बघायची, जर तिने मुलाच्या मनावर परिणाम होणार असेल. माहेरची_वाट, असं कलम आपल्या कायद्यात आधी आलं तर तुमचा विरोध राहील?

माहेरची_वाट
निम्मा. व्हिसाचं काय? परत गेलेल्या आईला ताब्याचा खटला संपेपर्यंत तिथे राहण्याची परवानगी कोण देणार, हे आपल्या कायद्यात लिहून होणार नाही. ते अमेरिकेशी बोलून आधी कागदावर घ्या, मग बाकीच्या निम्म्याचं बोलू.