एका विषयाला सहा दरवाजे : एलएमएसला बाहेरची टूल्स जोडायची की नाहीत?

सात रस्ता
विषय रुक्ष आहे (एलएमएस म्हणजे धडे, क्विझ, मार्क ठेवायची कॉलेजची ऑनलाइन व्यवस्था), पण सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजांत शिकवणारे या फोरमवर बरेच आहेत, म्हणून काढतोय.

मी एस.वाय.ला फिजिक्स शिकवतो. मागच्या सत्राच्या शेवटी इंटर्नलचे मार्क भरायला बसलो. वर्गात मुलं ६१, गूगल फॉर्मवर उत्तरं ६४. तिघांनी दोनदा भरलेलं, एकानं भावाच्या ईमेलवरून. रोल नंबरच्या रकान्यात कुणी '४७', कुणी 'एसवाय-४७', एका बहाद्दरानं मोबाइल नंबर टाकलेला. रात्री साडेअकरापर्यंत एक्सेलमध्ये नावं जुळवत होतो, आणि शेजारच्या टॅबमध्ये कॉलेजचं मूडल, म्हणजे आमचा एलएमएस, रिकामं उघडं होतं.

माझं म्हणणं असं: बाहेरची टूल्स जरूर वापरा, पण आत यायचा दरवाजा एकच ठेवा. एलटीआय हे एलएमएसला बाहेरची टूल्स जोडायचं मानक २०१० पासून त्यासाठीच आहे. मुलगा मूडलमध्ये एकदा लॉगिन झाला की पुढच्या टूलला मूडलच सांगतं, हा कोण, कुठल्या कोर्सचा, विद्यार्थी की शिक्षक. काम संपलं की मार्क परत ग्रेडबुकात, म्हणजे मूडलच्या गुणतक्त्यात, येऊन बसतात. नवा पासवर्ड नाही, नावांची जुळवाजुळव नाही. ज्या टूलला एलटीआय जमत नाही, ते मार्कांसाठी वापरूच नये. आणि ग्रुपवर लिंका टाकणं बंद.

शेंगाचटणी
सर, कागदावर छान आहे. आमच्याकडं नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) कमिटी यायची म्हटली की एलएमएसवरची धूळ झटकली जाते, पाहुणे आल्यावर काचेच्या कपाटातले कप काढावेत तशी. स्क्रीनशॉट काढले, फाइलला लावले, कपाट बंद. मुलं आहेत व्हॉट्सअ‍ॅपवर. मी कॉमर्सची, जीएसटीचं एक उदाहरण ग्रुपवर टाकलं की दहा मिनिटांत चाळीस जण सोडवून फोटो पाठवतात. तेच मूडलवर ठेवलं तर चार. गिऱ्हाईक मंगळवार बाजारात असताना दुकान विमानतळावर का काढू?

सात रस्ता
मॅडम, त्या चाळीस फोटोंचे मार्क तुम्ही कशात लिहिता?

शेंगाचटणी
वहीत. आणि वही कधी हँग होत नाही.

सर्व्हर रूम
मूडल सांभाळणारा माणूस बोलतोय. शिक्षकांना जोडणी म्हणजे दोन क्लिक वाटतात. जुन्या एलटीआयमध्ये एक किल्ली आणि एक गुपित शब्द दिला की झालं. २०१९ साली त्याची १.३ आवृत्ती आली, सुरक्षेच्या दृष्टीनं चांगलंच आहे, कारण आता प्रत्येक वेळी सही केलेलं टोकन, म्हणजे डिजिटल ओळखचिठ्ठी, जातं. पण मांडणी किचकट. क्लायंट आयडी, डिप्लॉयमेंट आयडी, लॉगिनचा पत्ता, कीसेटचा पत्ता. यातला एक जरी इकडचा तिकडं झाला की टूल उघडत नाही आणि एररवरून काही कळत नाही. एकदा सगळं बरोबर होतं तरी टोकन नाकारलं जात होतं. अर्धा दिवस शोधलं. आमच्या सर्व्हरचं घड्याळ काही मिनिटं मागं पडलं होतं, एवढंच.

दुसरा नेहमीचा फोन: "सर, पांढरं पान दिसतंय." टूल मूडलच्या पानाच्या आत उघडत असेल तर ब्राउझर त्याच्या कुकीज अडवतो. 'नवीन खिडकीत उघडा' निवडलं की बहुतेक वेळा सुटतं. तर जोडा, पण दोन किंवा तीन. अकरावं टूल मागायला आलात तर मी जेवायला गेलेला असेन.

एसटी पास
मी टी.वाय. बीसीए, रोज मंगळवेढ्याहून येतो. सर, तुमचा एक दरवाजा पटला, मला पाच पासवर्ड पाठ आहेत आणि सहावा 'फरगॉट'वर चालायलाय. पण एक सांगतो. मी अर्धा अभ्यास एसटीत करायलोय, मधे नेटवर्क जातंच. मूडलच्या अ‍ॅपमध्ये कोर्स आधी उतरवून घेता येतो, पीडीएफ अन् एचफाइव्हपीचे (स्क्रीनवरच सोडवायचे) प्रश्न नेटशिवाय चालतात. बाहेरचं टूल आलं की अ‍ॅप ब्राउझरवर ढकलतंय, अन् तिथं नेट नसलं की गोल गोल फिरत बसतंय. तुमचा दरवाजा एकच हो, पण त्याच्या मागची खोली बंद.

सात रस्ता
हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. एचफाइव्हपी मूडलच्या २०२० च्या ३.९ आवृत्तीपासून मूडलमध्येच तयार करता येतं, त्यामुळे निदान साध्या क्विझसाठी बाहेर जायचं कारण उरत नाही. आणि फिजिक्सवाल्यांसाठी: कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स एकेका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवता येतात, बरीचशी मराठीतही आहेत. फाइल मूडलवर ठेवायची, मुलं ती उतरवून नेटशिवाय वापरतात. मी सर्किटचं सिम्युलेशन प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी दिलं होतं, दुसऱ्या दिवशी अ‍ॅमीटर चुकून समांतर जोडणारे बरेच कमी झाले.

तासिकावाली
कायम नोकरीवाल्यांची चर्चा चाललीय. मी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशांवर. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. एकीकडं मूडल, दुसरीकडं गूगल क्लासरूम. मी चार वर्षं घालून प्रश्नपेढी केली, ती पहिल्या कॉलेजच्या एलएमएसवर. मार्चमध्ये तास संपले, जूनमध्ये खातं बंद. विचारायला गेले तर "मॅडम, ते कॉलेजचं आहे." तेव्हापासून माझं सगळं माझ्या ड्राइव्हवर आणि माझ्या फॉर्मवर. तुमचा एक दरवाजा ज्याच्या घराचा आहे, किल्लीही त्याच्याकडंच असते.

सर्व्हर रूम
मॅडम, ज्यानं तसं केलं त्यानं चुकीचं केलं. पण पुढं असं होऊ देऊ नका. प्रश्नपेढी मूडल एक्सएमएल या प्रकारच्या फाइलमध्ये निर्यात होते, तीच फाइल दुसऱ्या कुठल्याही मूडलमध्ये चढते. दर महिन्याला एक प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि स्वतःच्या फुकट टूलवरही फार विसंबू नका. गूगलचा ऑनलाइन फळा, जॅमबोर्ड, ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला, तेव्हा फळ्यावरच्या नोट्स वाचवायला आमच्याकडे रांग होती.

तासिकावाली
पेनड्राइव्हचं ठीक. पण दोन कॉलेजांची दोन ओझी मी एकटीनं किती दिवस वाहायची, हे त्यात बसत नाही.

पॉवरलूम
माझी मुलगी ज्युनियर कॉलेजला आहे, वय १७. तिच्या कॉलेजनं कुठल्या तरी फुकट अ‍ॅपवर नाव, ईमेल, जन्मतारीख भरायला लावली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण बालक धरलाय आणि पालकांची पडताळलेली संमती लागते असं म्हटलंय. आम्हाला कुणी विचारलं नाही. एवढी टूल्स जोडायची गडबड कशाला?

सात रस्ता
उलट तुमचा मुद्दा एलटीआयच्या बाजूनं जातो. मूडलमध्ये बाहेरचं टूल जोडताना नाव आणि ईमेल पाठवायचा की नाही, हे ठरवता येतं. 'नाही' केलं तर मुलाची ओळख म्हणून पलीकडं फक्त एक आकडा जातो. कॉलेजनं अ‍ॅप तसं जोडून 'पाठवा'ची तेवढी खूण काढून टाकायला हवी होती.

पॉवरलूम
ती खूण कुणी काढली नाही हेच तर म्हणतोय.

शेंगाचटणी
म्हणूनच वही.

एसटी पास
चर्चा चालू द्या, पण आधी एक सांगा. आमच्या मॅडमनी आत्ताच ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकलीय, तीच क्विझ मूडलवरपण उघडीय. फॉर्मवर मुदत आज रात्री १२, मूडलवर उद्या संध्याकाळी ५. कुठली भरू?