एकाच पाकिटातली गांजाची तीन झाडं, तिघांच्या तीन तऱ्हा. कुठलं ठेवू?

बेसमेंटवाला_मिसिसागा
नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात ऑन्टारियोत राहतो, इथे घरी 4 झाडं कायद्याने चालतात म्हणून बेसमेंटमधे टेंट लावलाय. नॉर्दर्न लाइट्स या वाणाच्या बियांच्या एकाच पाकिटातली तीन झाडं आहेत, माती तीच कुंडी तीच लाइट तोच, तरी एक बुटकं गच्च, दुसरं नुसतं वर पळतंय आणि तिसऱ्याचा देठ चोळला की लिंबाच्या सालीसारखा वास येतो. अजून फुलावर येण्यासाठी 12 तासांच्या लाइटवर टाकलेली नाहीत. बायको म्हणते बुटकं ठेव, जागा कमी लागते. टीएचसीचा (नशा आणणाऱ्या घटकाचा) आकडा तर घरी कळत नाही, मग चांगलं कुठलं हे ठरवायचं कसं?

कुंडीतलंरान
बियांपासून लावलं की उडदामाजी काळेगोरे निघणारच. फेमिनाइज्ड (मादी झाडंच देणारं) बी नसेल तर आधी नर-मादी बघून घे. आणि फुलावर टाकायच्या आधी कटिंग घेऊन लेबल लाव, कारण खरा निकाल माल वाळल्यावर लागतो आणि तोवर मूळ झाड कापलेलं असतं. मोजणी मात्र सांभाळ हं, 4 ची मर्यादा घरामागे आहे माणसामागे नाही, मुळं धरलेलं कटिंगही झाडच धर. तीन अधिक तीन म्हणजे 6 झाली. त्यापेक्षा उंच पळणारं आत्ताच काढ, लाइटला टेकून त्याचे शेंडे भाजतील. मग दोन झाडं, दोन कटिंग. कटिंगना वेगळ्या कोपऱ्यात 18 तास लाइट दे.

विंडसरकर
बुटकं म्हणजे चांगलं असं नाही बरं का. त्याची कळी गच्च असते, बेसमेंटला ओल असली की आतून राखाडी बुरशी धरते आणि वरून पत्ता लागत नाही, म्हणून जाड कळी मधोमध फोडून बघाच आणि बुरशी दिसली तर अख्खी कळी टाका, तेवढंच खुडून बाकीची वापरायची नाही. भिंगातून राळेचे दाणे बघा, काचेसारखे असले तर कच्चे, बहुतेक दुधाळ होऊन थोडे मधाच्या रंगाचे झाले की काढा. मग अंधारात, 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत, सावकाश 10-14 दिवस वाळवा आणि काचेच्या बरणीत भरून सुरुवातीला रोज झाकण उघडा. अमोनियासारखा वास आला तर आत ओल राहिलीये, लगेच बाहेर पसरा. दोन्ही बरण्या सारख्याच मुरल्या की मगच वास आणि परिणाम ताडून बघा. माझं मत लिंबाच्या वासाच्या बाजूने, पण महिनाभर मुरल्यावर टिकला तर.

नाशिकचा_माळी
इकडे बाल्कनीत एक झाड चालेल का हो?

कुंडीतलंरान
अजिबात नको भावा. भारतात 1985 चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आहे, एक झाड लावलं तरी गुन्हा, तुरुंगवास होऊ शकतो. आणि कुणी कॅनडातून आणून देतो म्हणालं तरी घेऊ नको, इथून बाहेर नेणं हाही गुन्हाच आहे.

बेसमेंटवाला_मिसिसागा
आभारी आहे. उंच झाड आज काढतो, कटिंग उद्या. विंडसरकर, बरणीत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक वापरता का, कितपत खरा दाखवतो?