शब्दचर्चा : ‘आठ वजनाची काठी’ म्हणजे आठ काय?

गंगाखेडहून, मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी.

भाचा स्कॉटलंडात ॲबर्डीनला नोकरीला असतो. ह्या दिवाळीला आला तो एक लांबट नळकांडं काखेत मारून. आत गळाची काठी, चार तुकड्यांची. तुकडे एकात एक बसवले की १३ फूट, म्हणजे जवळजवळ नऊ हात. दोन्ही हातांनी धरून फेकायची. तिकडं स्पे नावाची नदी आहे, तिच्यावर सॅमन धरायला दीडशे वर्षांपासून असल्या लांब काठ्या चालतात. (रविवारी मात्र नाही. स्कॉटलंडात रविवारी सॅमन धरायला कायद्यानं बंदी आहे. आमच्या बहिणीला हे एकादशीसारखंच वाटलं आणि पोरगा मासे मारतो ह्याचा तिचा राग निम्मा उतरला.)

भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही मराठीचे मास्तर. काठीबरोबरच्या ह्या दोन इंग्रजी पानांचं मराठी करून द्या, इथल्या पोरांना शिकवायला होईल.” दोनच पानं, एका बैठकीचं काम. पण पहिल्याच ओळीला माशी शिंकली. ओळ मी अशी केली होती : ‘ही आठ वजनाची दुहाती काठी आहे.’ शेजारचे आबा ओट्यावर बसले होते. भोई माणूस, सगळा जन्म गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, गेलेला. काठी तळहातावर तोलली आणि म्हणाले, “मास्तर, आठ कशाचं म्हणायलाव? पावशेरबी भरंना ह्ये.”

आबांचं बरोबर आहे. तो आठ काठीच्या वजनाचा नाहीच, काठीला कोणती दोरी पेलते त्याचा आहे. आपल्या गळात भार टोकाला असतो : शिशाचा गोळा, गांडूळ. तो भिरकावला की तंगूस त्याच्या मागं जातो. ह्या प्रकारात टोकाला असते ‘फ्लाय’, म्हणजे आकड्याला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला किडा, फुंकर मारली तर उडेल एवढा. जड असते ती दोरी. फेकायची दोरी, किडा तिच्या शेपटाला धरून जातो. साधा गळ गोफणीच्या जातीचा, हा आसुडाच्या. आबांना एवढं सांगितलं आणि त्यांना लगेच पटलं. कागदावर मात्र ‘आठ वजनाची’ तशीच बसली आहे.

‘दुहाती’बद्दलही सांगा. दुमजली, दुपदरी, दुधारी तशी दुहाती, असं मी धरलंय. शाळेतले एक सहकारी ‘द्विहस्त’ म्हणाले. द्विहस्त काठी माझ्यानं हातात धरवणार नाही.

संभाजीनगरहून

दुहाती उत्तम. ‘आठ’ची अडचण अशी की मराठी माणसाला आकड्याच्या मागं काहीतरी लागतं : किलो, शेर, तोळे. ‘आठ वजनाची’ म्हटलं की मधली जागा रिकामी दिसते. ‘आठ नंबरची काठी’ म्हणा. चपलेला नंबर असतो, पान्याला असतो, चष्म्याला असतो, तो कशाचा नंबर हे कुणी विचारत नाही. शिवाय ‘वजन’ ह्या शब्दावर आधीच पुष्कळ वजन पडलंय. साहेबापाशी असतं ते वजन, फायलीवर ठेवतात तेही वजन. फक्त दहा नंबरची काठी निघाली तर तिला ‘दस नंबरी’ म्हणू नका.

नांदेडहून

नंबर चालेल, पण खरी फसगत त्याच्या पुढं आहे. एकहाती आठ नंबर आणि दुहाती आठ नंबर ह्यांना एक दोरी चालत नाही.

घरची सराफी आहे म्हणून हिशोब मांडतो. ह्या दोरीचं वजन ग्रेन ह्या बारीक इंग्रजी मापात मोजतात आणि आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. कंपनी सरकारनं १८३३ साली तसा ठरवला होता. (तेव्हा आपण निजामाच्या मुलखात होतो, ते असू द्या.) बारा माशांचा तोळा, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. हा तोलायचा मासा, तुमचा पाण्यातला नव्हे. एकहाती आठ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट भरतात २१० ग्रेन, म्हणजे १ तोळा २ मासे. दुहाती आठ नंबरला जी आखूड, जाड दोरी लावतात ती साधारण ५४० ग्रेनची, म्हणजे ३ तोळे. अडीचपटीच्या वर फरक, आणि दोन्ही काठ्यांवर आकडा तोच, आठ. एकहातीची दोरी दुहातीला लावली तर काठी लवणारच नाही, हातात नुसता बांबू धरल्यासारखं होईल. दुहातीची एकहातीला लावली तर काठी दबून जाईल. म्हणून नंबराशेजारी ग्रेन लिहाच.

तोळे मात्र लिहू नका. आता गिऱ्हाईक तोळा म्हणतं तेव्हा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. तीन तोळ्यांत ५ ग्रॅमचा घोळ. सोन्यात एवढ्यावर डोकी फुटतात.

गंगाखेडहून

नांदेडकर, तुमचं वाचलं आणि भाच्याची दोरी घेऊन थेट सराफाकडं गेलो. वेष्टनावर ५४० छापलंय. काट्यावर वेटोळं ठेवलं, ३५ ग्रॅमला केसभर कमी. सराफानं आधी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “मास्तर, मोडीत काढायचं का?”

आता पुढचं. दोरी एकसारखी नाही. पुढचे २०-२५ फूट जाड आणि जड, मागं लांबच लांब बारीक दोरी. फेकताना जड भाग काठीच्या टोकाबाहेर असतो आणि तो सुटला की बारकीला ओढत नेतो. पुढच्याला इंग्रजीत ‘हेड’ म्हणतात. मी ‘डोकं’ लिहिलं होतं. भाचा हसला आणि मी खोडलं.

लातूरहून

मास्तर, मोट आठवा. मोटेला दोन दोर असायचे : भार ओढणारा जाड तो नाडा, आणि सोंडेला बांधलेला बारीक तो सोल. जाड-बारीक जोडीचे तयार शब्द आहेत, वापरा की. आजोबांच्या विहिरीवर मी दोन्ही हाताळलेत. नाड्यानं तळहात सोलून निघायचा, सोल हातातून सुळकन जायचा.

संभाजीनगरहून

शब्द देखणे आहेत, पण आज ‘नाडा’ म्हटलं की पायजमा. ‘काठीला आठ नंबरचा नाडा लावा’ हे वाक्य पोरांसमोर वाचून दाखवा, मग बोलू.

गंगाखेडहून

वाचून दाखवलं. वर्ग अर्धा तास बंद ठेवावा लागला. मनातून मी लातूरच्या बाजूचा आहे, तरी पानात ‘भारदोर’ आणि ‘धावदोर’ लिहिलं. भार नेतो तो भारदोर, मागनं धावतो तो धावदोर. शेवटचा पारदर्शक तुकडा तंगूसच, त्याला आणखी नाव कशाला. वर राहणारी ती तरती दोरी, खाली जाणारी ती बुडती, ह्यात वाद नसावा.

भारदोराच्या दोन जाती आहेत. एक स्कॅन्डी, स्कँडिनेव्हियातून आलेली : लांब, थोडी हलकी, टोकाकडं निमुळती होत जाणारी, किडा अलगद पाण्यावर ठेवणारी. दुसरी स्कॅजिट : आखूड, जाडजूड. बुडतं टोक आणि मोठा, भिजून जड झालेला किडा पाण्यातून उचलायचा असेल तर हीच. स्कॅजिट ही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातली नदी. ह्यांचं मराठी करू का?

पैठणहून

अजिबात नको. आमच्या गावाच्या नावानं साडी जगभर जाते, तिला कुणी ‘काठपदरी जरतारी’ म्हणून विकत नाही. पैठणी ती पैठणी, तशी स्पे ती स्पे आणि स्कॅजिट ती स्कॅजिट. गावाचं, नदीचं नाव मालाला लागलं की ते तिथंच राहू द्यावं.

गंगाखेडहून

पटलं. आता माझ्या भाषांतरानं माझाच कान कसा तापवला ते सांगतो, कारण ह्यातला शब्द मला अजून नीट सापडलेला नाही.

आधी फेक समजून घ्या. साध्या फेकीत दोरी मागं पूर्ण झोकून पुढं आणतात. मागं बाभळी असल्या की संपलं. स्पे फेकीत दोरी मागं सोडतच नाहीत. तिचं टोक आपल्या शेजारी पाण्यावर टेकवायचं, तेवढंच टोक पाणी धरून ठेवतं, आणि काठी मागं नेली की टोकापासून काठीच्या शेंड्यापर्यंत दोरीचा एक ताणलेला फुगवटा खांद्यामागं उभा राहतो. त्या फुगवट्याच्या बळावर पुढं फेक. टेकलेल्या टोकाला इंग्रजीत ‘अँकर’ म्हणतात. मराठीत नांगर होतो, पण आपल्याकडं नांगर म्हटलं की पाण्यात कोण बघतंय, सगळे वावराकडं बघतील. मी ‘पकड’ लिहिलं. फुगवट्याला नाव आबांनी दिलं. घाटावर बघता बघता म्हणाले, “ह्यो तर झोळ.” झोळच. फक्त आपल्याकडं दोरीला झोळ पडला म्हणजे दोरी सैल झाली, आणि इथं झोळ सैल पडला तर फेक मेली. ‘ताणलेला झोळ’ असं लिहून भागवलं.

हातांचं सोपं निघालं. वरचा हात टेकू, खालचा हात ओढ. मी पहिल्यांदा वरच्या हातानं हापसा मारल्यासारखा जोर लावत होतो, दोरी पायाशी ढीग होऊन पडायची. भाच्यानं माझा वरचा हात सोडवून दोनच बोटं मुठीवर ठेवायला लावली. “मामा, खालच्या हातानं रवीची दोरी ओढता तसं बुडखा पोटाकडं घ्या.” घेतला, आणि तीन तोळे सरळ पाण्यावर जाऊन लांब झाले. ताक घुसळणाऱ्या आमच्या आईला हे पहिल्या दिवशी जमलं असतं.

आता कान. इंग्रजी टिपणात होतं : ‘अपस्ट्रीम विंड’ असेल तर सिंगल स्पे, ‘डाउनस्ट्रीम विंड’ असेल तर डबल स्पे. (हे स्पे फेकीचे दोन प्रकार.) मी सरळ लिहिलं, ‘वरचा वारा असेल तर सिंगल, खालचा असेल तर डबल.’ आमचा घाट गंगेच्या दक्षिणेला. तोंड उत्तरेला केलं की पाणी डावीकडून उजवीकडं जातं. त्या दिवशी वारा पूर्वेचा, नांदेडच्या बाजूनं येणारा. म्हणजे माझ्या मराठीत खालचा. मी डबल स्पे केला. त्यात दोरीची पकड ओघाच्या खालच्या अंगाला, म्हणजे माझ्या उजव्या खांद्याशी येते. वाराही उजवीकडूनच. झोळ उभा राहिला आणि वाऱ्यानं तो माझ्यावरच ढकलला. टोकाला आकड्याऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधला होता, तो सटकन कानावर बसला. आकडा असता तर आज हे लिहायला दवाखान्यातून बसलो असतो.

रात्री उलगडा झाला. आपण वाऱ्याला तो येतो ती बाजू लावतो : पश्चिमेचा वारा, डोंगराचा वारा. ह्या गळवाल्यांचं इंग्रजी नदीवरच्या वाऱ्याला तो जातो ती बाजू लावतं. त्यांचा ‘अपस्ट्रीम’ वारा म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला चाललेला वारा, आणि मी तो वरून आलेला केला. शब्दाला शब्द बरोबर, अर्थ नेमका उलटा. ह्याला नाम सुचवाल का?

पैठणहून

नाम नकोच, क्रियापद घ्या. ‘वारा नदीच्या वर चालला असेल तर सिंगल, खाली चालला असेल तर डबल.’ ‘चालला’ म्हटलं की दिशा पक्की झाली.

आणखी एक दुरुस्ती, कारण तुमच्या पानानं आमच्याकडं कान जाईल. ‘उजवा खांदा’ लिहू नका. पैठण उत्तरेच्या थडीला. आम्ही नदीकडं तोंड केलं की पाणी उजवीकडून डावीकडं जातं, तुमचा उजवा तो आमचा डावा. ‘ओघाच्या खालच्या अंगाचा खांदा’ असं लिहा, मग सगळ्या गंगथडीला लागू. थडीचंही तसंच. ऐलथडी-पैलथडी बोलणाऱ्याच्या पायावर ठरते, नदी ओलांडली की ऐलची पैल होते. डावी-उजवी थडी नदीच्या तोंडानं ठरते : पाणी जिकडं चाललं तिकडं तोंड करून उभं राहायचं. त्या हिशोबानं आम्ही डावे, तुम्ही उजवे, राजकारण बाजूला ठेवून.

नांदेडहून

मास्तर, ‘गळ’चंही एक टिपून ठेवा. तो गळ आणि ती गळ वेगळे. भाच्यानं तुम्हाला गळ घातली, म्हणून तुम्ही गळ घेऊन नदीवर गेलात. पोरं लिंग चुकवतात.

गंगाखेडहून

टिपलं. पहिली ओळ आता अशी आहे : ‘ही १३ फुटी, आठ नंबरची दुहाती काठी. हिला ५४० ग्रेनच्या आसपासचा भारदोर लावावा. एकहाती काठीचा आठ नंबर चालणार नाही.’ आबांना वाचून दाखवली. म्हणाले, “आता कसं सराफासारखं बोललाव.”

एक शब्द तपासायचा राहिलाय. वाहत्या पाण्यात मधला जोराचा ओघ दोरीला पोट काढतो आणि किडा भलताच पळायला लागतो. तेव्हा काठीच्या शेंड्यानं दोरी उचलून पुन्हा ओघाच्या वर ठेवावी लागते. इंग्रजीत ‘मेंड’. ‘दुरुस्त करणे’ शोभत नाही. बहीण म्हणाली, पदर सावरतो तशी सावरा. ‘दोरी सावरणे’ लिहून ठेवलंय. पण सध्या खालच्या बंधाऱ्यानं पाणी तुंबलेलं, ओघच नाही, दोरी टाकली तिथं पडून राहते. नळकांडं परवाच ॲबर्डीनला परत गेलं. भाचा पुढच्या पावसाळ्यात येतो म्हणालाय, गंगा वाहती झाली की बघू.