हॅल न्यूहाउझर खरंच ग्रेट होता की फक्त 'युद्धातला पिचर'?

डावखुरा_फॅन:
परवा जुने बेसबॉल रेकॉर्ड चाळत होतो, डेट्रॉईट टायगर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) हॅल न्यूहाउझर याचं नाव दिसलं. १९४४ मधे २९ विजय, १९४५ मधे २५ विजय आणि ईआरए १.८१, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन रनसुद्धा नाहीत! दोन्ही वर्षी अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. पण जिथे बघावं तिथे लोक म्हणतात की तेव्हा दुसऱ्या महायुद्धामुळे चांगले बॅटर सगळे सैन्यात होते, याने उरलेल्यांना धुतलं. कितपत खरंय?

बुलपेन:
अर्धवट खरं आहे. ४४-४५ चे आकडे थोडे कमी करूनच बघावे लागतात, त्यात वाद नाही. पण ४६ बघ ना! विल्यम्स, डिमॅजिओसारखे मोठे बॅटर सगळे परत आले होते आणि तरी याचे २६ विजय, ईआरए १.९४, २७५ स्ट्राईकआउट (तीन स्ट्राईकमधे बाद केलेले बॅटर). एमव्हीपीत दुसरा आला, पहिला कोण तर टेड विल्यम्स. आता यात युद्ध कुठे आलं?

आणि तो घरी बसला म्हणून चुकूनही टोमणा मारू नका. हृदयात दोष होता म्हणून सैन्याने घेतलं नाही, त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तरी नाहीच.

जुना_स्कोअरकार्ड:
मला विचाराल तर खरा बदल डोक्यात झाला. आधी हा भयंकर तापट, फिल्डरने कॅच सोडला की त्याच्यावरच डोळे वटारायचा, ४३ मधे ८ जिंकल्या आणि १७ हरला. मग कॅचर (यष्टिरक्षकासारखा) पॉल रिचर्ड्सने त्याला शांत केलं, स्लायडर या वळणाऱ्या चेंडूवरही काम करून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी २९. एवढी उडी नुसते बॅटर कमजोर झाले म्हणून मारता येत नाही हो, बाकीच्या पिचरना पण तेच बॅटर होते की.

४५ ची वर्ल्ड सिरीजपण (मोसमाची अंतिम मालिका) आठवा, शिकागो कब्ज संघाविरुद्ध पहिल्या मॅचमधे बेदम मार खाल्ला, ९-० ने हरले, पण पाचवी आणि सातवी यानेच जिंकून दिली.

डावखुरा_फॅन:
८-१७ माहीतच नव्हतं! मग हॉल ऑफ फेममधे लगेच गेला असेल ना?

बुलपेन:
कुठलं लगेच. खांद्याने दगा दिला, ५५ मधे खेळ संपला, एकूण २०७ विजय, आणि तो 'युद्धातला' शिक्का काही निघेना. शेवटी १९९२ मधे जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या व्हेटरन्स कमिटीने घेतला.

त्याच वर्षीची गंमत म्हणजे तेव्हा तो ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजसाठी स्काउट (नवे खेळाडू शोधणारा) होता, ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला नंबर त्यांचाच, आणि हा सांगत होता की डेरेक जेटरला घ्या. त्यांनी फिल नेव्हिनला घेतलं. म्हाताऱ्याने वैतागून नोकरीच सोडली! जेटर पुढे न्यूयॉर्क यँकीजकडे केवढा मोठा स्टार झाला ते सांगायला नको.

जुना_स्कोअरकार्ड:
तापटपणा पूर्ण गेला नव्हता म्हणजे 😄